गर्दीच्या आठवड्यातली शांत बोट

माझे वडील बोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्या काळी घरटी एक तरी पुरुष बोटीवर असायचा. बोट म्हणजे मनिऑर्डर, बोट म्हणजे वर्षा-दीड वर्षाची ताटातूट, आणि बोट म्हणजे वडील परत आले की पत्र्याच्या पेटीतून येणारा विलायती साबणाचा वास. अशा बोटीवर कुणी स्वतःच्या खिशातले पैसे घालून केवळ मौजेखातर चढतं, असं आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. त्याच गावातला, त्याच खलाशाचा मुलगा मी, आजवर दोनदा असा चढलो. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा निभावलं. या दोन फेऱ्यांच्या मधल्या चार वर्षांत जे शिकलो, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

अमेरिकेत मार्च-एप्रिलच्या सुमाराला शाळा-कॉलेजांना आठवडाभराची सुट्टी असते. तिला तिकडे स्प्रिंग ब्रेक म्हणतात. आपण वसंताची सुट्टी म्हणू. या दिवसांत तिथल्या सहलीच्या बोटी, म्हणजे क्रूझ, पोराटोरांनी आणि कॉलेजच्या तरुणांनी ओसंडून वाहतात. अशा हंगामात ज्याला शांतता हवी आहे त्यानं बोट कशी निवडायची, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? त्या आठवड्यात जाऊच नये! सल्ला अगदी योग्य आहे. पण ज्याच्या हातात वर्षातला तेवढा एकच आठवडा आहे, त्यानं काय करायचं?

आमची गत तीच होती. आमची मुलगी टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळ, एका शाळेत शिकवते. शिक्षिकेची सुट्टी म्हणजे शाळेची सुट्टी. मुलं घरी असतात तेव्हाच ती घरी. उन्हाळ्यात ती इकडे आली की पाहुणे, लग्नं, नातेवाईक यांत दिवस जातात. त्यामुळे आईबरोबर निवांत बसायला तिला मिळतो तो मार्चमधला एक आठवडा.

आणि निवांतपणा आमच्या घरात चैनीची गोष्ट नाही. माझ्या बायकोला गेली बारा-तेरा वर्षं ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ठाऊक असेल, की यंत्रानं ऐकू येतं, पण आपल्यासारखं नाही. आपला कान नुसता ऐकत नाही, तो निवडतो. बाजारात उभे असतानाही आपल्या माणसाचं बोलणं तो गर्दीतून वेचून घेतो. यंत्राला तसं वेचता येत नाही. अलीकडची यंत्रं या बाबतीत बरीच हुशार झाली आहेत, तरी गजबजाटात ती हात टेकतात. शेजारची हाक, पाठीमागचा भोंगा, ताटल्यांचा खणखणाट, सगळं एकदमच मोठं होऊन कानात शिरतं. मग माणूस काय करतो? यंत्रं काढून डबीत ठेवतो. गोंगाट थांबतो, पण त्याबरोबर बोलणारी माणसंही थांबतात. फोनवर मुलीचं बोलणं तिला अर्धंच कळतं. तेव्हा मुलीशी समोरासमोर, शांत जागी बसणं ही तिची गरज आहे.

पहिली फेरी आम्ही मार्च २०१९मध्ये केली. ह्यूस्टनपासून मोटारीनं तासा-सव्वा तासावर गॅल्व्हेस्टन नावाचं बंदर आहे. तिथून मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जाऊन चार रात्रींत परत आणणारी बोट मुलीनं घेतली. जवळचं बंदर, कमी दिवस, स्वस्त तिकीट. आम्ही तिघं निघालो. जावईबापूंना रजा नव्हती. बोटीचं नाव सांगत नाही, कारण दोष बोटीचा नव्हताच. ती जशी असायला हवी तशीच होती. वरच्या डेकवर पाण्याच्या घसरगुंड्या, पोहण्याच्या तलावाकाठी दिवसभर वाजणारं संगीत, मध्यरात्री पिझ्झा. मुलं आनंदानं किंचाळत होती. मुलांनी सुट्टीत किंचाळायचं नाही तर कधी? चूक आमची होती. आम्ही जत्रेत जाऊन एकांत शोधत होतो.

त्यातून आमची केबिन बरोबर तलावाच्या खालच्या मजल्यावर. पहाटे पाचला वर खुर्च्या ओढायला सुरुवात होई. पहिल्याच संध्याकाळी बायकोनं यंत्रं काढून डबीत ठेवली. दुसरा दिवस तिनं खिडकीतून समुद्र पाहण्यात घालवला. मुलगी शेजारी बसून होती. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, त्यापलीकडे काही नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये वाढणारा एक तरुण वास्कोचा निघाला. आमचं मराठी कानावर पडताच जवळ आला. आमचा प्रकार त्याच्या लक्षात आला असावा. हळूच म्हणाला, “अंकल, उद्या बेटावर उतरू नका. सगळी बोट उतरेल. तुम्ही वरच बसा.”

आम्ही ऐकलं. सकाळी दहापर्यंत बोट रिकामी झाली. संगीत बंद झालं. मागच्या डेकवर सावलीत तीन खुर्च्या घेतल्या आणि बायकोनं पर्समधून डबी काढली. पुढचे पाच तास माय-लेकी बोलत होत्या. दुपारी बंदरावरची माणसं परत येऊ लागली, जिन्यावर धावपळ सुरू झाली, ढोल वाजला, तशी तिनं यंत्रं पुन्हा काढली. घरी परतताना मुलगी मोटार चालवताना म्हणाली, “अब्बा, चार दिवसांत अम्मीशी मी पाच तास बोलले. बाकीचे पैसे कशाचे दिले आपण?”

त्या प्रश्नानं मी खजील झालो. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस मी. आकड्यांशी माझं जुनं वैर. पण या वेळी वही घेऊन बसलो. मार्च २०२०मध्ये करोनामुळे अमेरिकेतल्या सगळ्या क्रूझ बंद पडल्या, त्या २०२१च्या उन्हाळ्यात हळूहळू सुरू झाल्या. माझ्या अभ्यासाला वेळ भरपूर मिळाला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की वसंताची सुट्टी हा एक आठवडा नाहीच. अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी सुमारे १३ हजार मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळ आपली सुट्टी आपण ठरवतं. टेक्सासमध्ये ती बहुधा मार्चच्या मध्यावर असते. फ्लोरिडातली त्याच सुमाराला किंवा जरा पुढे. न्यूयॉर्ककडच्या शाळा ईस्टर आणि ज्यूंचा वल्हांडण सण पाहून ठरवतात. बोस्टनच्या बाजूला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. कॉलेजांची सुट्टी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर पसरलेली.

यातला ईस्टर स्वतःच फिरता सण आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा चर्चचा हिशेब. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठंही येतो. २०२४ साली ३१ मार्चला आला, २०२५ साली २० एप्रिलला, आणि २०२६ साली ५ एप्रिल ही त्याची तारीख. चंद्रावर सण ठरवण्याची सवय आम्हां मुसलमानांना आहेच. आमचा रमजान तर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. तेव्हा हे गणित मला परकं वाटलं नाही. पण ज्याला शांत बोट हवी त्यानं तिकिटाआधी हे पंचांग उघडलं पाहिजे. मार्चच्या अखेरीला ईस्टर आला तर शाळांची आणि कॉलेजांची गर्दी जवळजवळ एकावर एक येऊन पडते. एप्रिलच्या अखेरीला आला तर मध्ये काही आठवडे जरा मोकळे सापडतात.

दुसरी गोष्ट बंदराची. सुट्टीत कुटुंबं बहुतेक करून मोटारीनं गाठता येईल अशा बंदरावरून बोट धरतात. चार माणसांचं विमानाचं तिकीट वाचतं. म्हणून बोटीवर मुलं किती असतील हे बऱ्याच अंशी बंदराच्या मागच्या मुलखावरून ठरतं. गॅल्व्हेस्टनच्या मागे सगळा टेक्सास. मार्चच्या मध्यावर टेक्सासच्या शाळा बंद, म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या बोटी भरलेल्या. आम्ही नेमकं तेच केलं होतं. आपल्या गावच्या जत्रेला आपल्याच गावच्या एस.टी.नं गेलो होतो. त्यापेक्षा ज्या बंदराच्या मागच्या मुलखात त्या आठवड्यात शाळा चालू आहेत, ते बंदर धरावं. शाळामंडळांची वर्षाची वेळापत्रकं आधीच जाहीर झालेली असतात. ती पाहायला दहा मिनिटं पुरतात.

कॉलेजच्या गर्दीची गोष्ट वेगळी. ती समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांना चिकटलेली असते. फ्लोरिडातलं फोर्ट लॉडरडेल हे या प्रथेचं जन्मगाव मानतात. १९३०च्या दशकात तिथं कॉलेजचे जलतरणपटू सुट्टीत सरावाला येऊ लागले. १९६० साली ‘व्हेअर द बॉइज आर’ हा चित्रपट याच सुट्टीवर निघाला आणि सगळ्या देशातले विद्यार्थी तिकडे लोटले. १९८५ साली तिथं सुमारे साडेतीन लाख विद्यार्थी जमले होते. गाव वैतागलं, नियम कडक केले, आणि गर्दी दुसऱ्या किनाऱ्यांकडे वळली. शेजारच्या मायामी बीचनं तर २०२४ साली ‘आम्ही स्प्रिंग ब्रेकशी संबंध तोडत आहोत’ अशी रीतसर जाहिरातच केली. गंमत अशी, की एकेकाळी गोंगाटासाठी गाजलेल्या या फोर्ट लॉडरडेलच्या बंदरातून आज अनेक शांत बोटी सुटतात. तेव्हा गावाच्या जुन्या लौकिकावर जाऊ नये.

तिसरी गोष्ट रात्रींची. बोट किती रात्रींची आहे यावरून तिच्यावर कोण असेल हे बरंचसं कळतं. तीन, चार, पाच रात्रींच्या बोटी म्हणजे तरुणाई. सात रात्रींच्या म्हणजे कुटुंबं. त्यापुढे मात्र चित्र पालटतं, कारण शाळेची सुट्टी आठवड्याची आणि तिचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस. दहा, अकरा, चौदा रात्रींच्या बोटीवर शाळकरी मूल क्वचितच दिसेल. पनामा कालवा ओलांडून एका महासागरातून दुसऱ्यात जाणारा प्रवास साधारण दोन आठवड्यांचा असतो. शिवाय एप्रिलमध्ये कॅरिबियनचा हंगाम ओसरला की काही बोटी युरोपकडे आणि काही अलास्काकडे निघतात. त्या रिकाम्या नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन जातात. अटलांटिक ओलांडणारी अशी फेरी सुमारे दोन आठवड्यांची, तिच्यात दिवसच्या दिवस नुसतं पाणी. पोरांना कंटाळा येईल असं जे जे काही आहे, ते सगळं तिच्यात असतं. ज्यांना रजेचं बंधन नाही, म्हणजे माझ्यासारखे अर्धे-निवृत्त लोक, त्यांना याहून चांगला सौदा नाही. आमची अडचण अशी की मुलीकडे नऊच दिवस होते.

चौथी गोष्ट जागेची, आणि इथं थोडं गणित करावं लागेल. बोटीचा आकार ‘ग्रॉस टनेज’मध्ये सांगतात. हे वजन नव्हे. बोटीच्या पोटात बंद जागा किती आहे त्याचं ते माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं, की एका माणसाच्या वाट्याला किती ऐसपैसपणा येतो ते कळतं. ३० आला तर दाटी, ४०च्या वर गेला तर मोकळं, ५०च्या वर गेला तर श्रीमंती. असा ढोबळ अंदाज.

पण प्रवाशांची संख्या कुठली घ्यायची? इथंच खरी मेख आहे. कंपन्या प्रवासी मोजतात ते एका केबिनमध्ये दोन माणसं धरून. प्रत्यक्षात बऱ्याच केबिनमध्ये छतातून उघडणारे पलंग आणि सोफ्याचे बिछाने असतात. एरवी ते मिटलेले असतात. मुलांच्या सुट्टीत ते उघडतात. म्हणूनच क्रूझ कंपन्यांच्या अहवालांत बोटी १०० टक्क्यांहून जास्त भरल्याचे आकडे दिसतात. मला आधी ती छपाईची चूक वाटली होती. जानेवारी २०२४मध्ये मायामीहून सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रचंड बोटीचंच घ्या. तिचं टनेज २,४८,६६३. केबिनमागे दोन माणसं धरली तर प्रवासी ५,६१०. भागाकार ४४ येतो. सगळे बिछाने भरले तर ७,६००. भागाकार ३३वर उतरतो. बोट तीच, केबिन तेवढ्याच. पण वर्गाचं सामान तेवढंच ठेवून बाकावर आणखी एक पोरगा बसवावा तशी दाटी होते. म्हणून सुट्टीच्या हंगामासाठी बोट पाहताना दोन्ही आकडे पाहावेत. ज्या बोटीचे हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, तिच्यात जादा बिछाने कमी; म्हणजे ती बोट मुळात कुटुंबांसाठी बांधलेलीच नाही.

बोट कुणासाठी बांधली आहे, ही पाचवी गोष्ट. तिचं चित्र पाहिलं तरी कळतं. वर घसरगुंड्या, चढायची भिंत, रंगीबेरंगी कारंजी दिसली तर मुलांची बोट. लाकडी डेकवर ओळीनं आरामखुर्च्या, ग्रंथालय, संध्याकाळी पियानो, तर म्हाताऱ्यांची. काही कंपन्या अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. व्हायकिंगच्या सागरी बोटी आणि व्हर्जिन व्हॉयेजेस ही त्यांतली ठळक नावं. मात्र मुलं नाहीत म्हणजे शांतता आहे, असं समजू नये. व्हर्जिनच्या बोटीवर रात्री जागवणारा तरुण वर्ग असतो; व्हायकिंगच्या बोटीवर व्याख्यानं असतात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसच्या ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ या दोन बोटीही केवळ प्रौढांसाठी आहेत. हे नाव वाचून मी थबकलो. पी अँड ओच्या बोटींवर कोकणातल्या आणि गोव्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डेक धुतले, दोर ओढले, ताटं वाढली. प्रवाशांच्या शांत झोपेसाठी कुणीतरी जागं राहावं लागतं, हे आमच्या गावाला कुणी सांगायला नको.

मोठ्या कौटुंबिक बोटींवरही प्रौढांसाठी राखलेला एखादा कोपरा असतो. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर सोलॅरियम, कार्निव्हलच्या बोटींवर सेरेनिटी. एवढ्यानं ज्याचं भागतं त्यानं महागडी बोट शोधायचं कारण नाही.

सहावी गोष्ट केबिनची, आणि ती मला वडिलांनी फार पूर्वीच शिकवली होती. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही कोकण बोटीनं गावी जायचो. डेकचं तिकीट. सगळे कठड्यापाशी धावायचे. वडील मात्र सतरंजी टाकायचे ती बोटीच्या मधोमध. म्हणायचे, “टोकाला झोपेल तो रात्रभर पाळण्यात.” बागेतल्या सी-सॉचं आहे तसंच. टोकं वरखाली होतात, मधला भाग जागच्या जागी राहतो. क्रूझवरही तेच. लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यांवरची केबिन सगळ्यांत कमी हलते आणि बहुधा स्वस्तही असते.

आवाजाचा नियम त्याहून सोपा. बोटीच्या मजल्यांचा नकाशा प्रत्येक कंपनी देते. त्यात आपल्या केबिनच्या वरचा आणि खालचा मजला पाहावा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर तलाव किंवा भोजनगृह नको, खाली नाट्यगृह किंवा नाचाचा हॉल नको. लिफ्टच्या तोंडाशी नको. अगदी पुढे नको, कारण बंदराला लागताना बोट आडवी सरकवणारी यंत्रं पहाटे तिथं घरघरतात. अगदी मागे नको, कारण तिथं पंख्यांची थरथर. आणि दोन केबिनच्या मध्ये उघडणारं दार असेल तर ती केबिन घेऊच नये. अशा जोडकेबिन कुटुंबं घेतात, आणि ते पातळ दार शेजारचं सगळं भांडण तुमच्याकडे पोचवतं. एक आणखी सावधगिरी. ‘केबिन आम्ही नंतर देऊ’ अशा अटीचं तिकीट स्वस्त पडतं. ज्याला झोप प्यारी आहे त्यानं त्या मोहात पडू नये. आमची तलावाखालची केबिन तशीच मिळाली होती.

सातवी गोष्ट बोटीवर चढल्यानंतरची. कुटुंबं लवकर जेवतात, म्हणून आपण उशिराची पंगत घ्यावी. पहाटे सहा ते आठ डेक आपलाच असतो. आणि वास्कोच्या त्या पोरानं सांगितलेलं सूत्र विसरू नये: बोट बंदरात असते तेव्हा ती सर्वांत शांत असते. सगळी बेटं पाहायलाच हवीत असं नाही. शेवटी, बोटीवर काम करणाऱ्या माणसाला विचारावं. निवांत जागा कुठली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

ही सगळी वही घेऊन मार्च २०२३मध्ये आम्ही दुसऱ्यांदा निघालो. त्या वर्षी रमजान २३ मार्चच्या सुमाराला सुरू होणार होता, मुलीची सुट्टी त्याआधी संपत होती. चंद्रानं तेवढी सवड दिली. गॅल्व्हेस्टन सोडून विमानानं फोर्ट लॉडरडेल गाठलं, कारण तिथल्या शाळा त्या आठवड्यात चालू होत्या. सात रात्रींची, मध्यम आकाराची, उतारवयाच्या प्रवाशांत लोकप्रिय असलेली बोट घेतली. टनेजला प्रवाशांनी भागल्यावर ४१ आले. केबिन मधोमध, वर केबिन, खाली केबिन, जोडदार नाही. तिकिटाला पहिल्यापेक्षा बरेच जास्त पैसे पडले, हेही सांगतो. केबिन मात्र साधीच घेतली. बाल्कनीचे पैसे वाचवले.

बोटीवर मुलं अजिबात नव्हती असं नाही. पाच-पंचवीस असतील. आजी-आजोबांबरोबर आलेली, संध्याकाळी पत्ते खेळणारी. त्यांचा त्रास झाला नाही. उलट एक छोटी रोज सकाळी माझ्या बायकोच्या कानातल्या यंत्राकडे निरखून पाहायची, आणि एक दिवस तिनं आपल्या कानातलं यंत्र दाखवलं. दोघी हसल्या. भाषेची अडचण आलीच नाही.

बायकोनं यंत्रं सकाळी घातली की रात्री झोपतानाच काढायची. तिसऱ्या दिवशी डेकवर बसलो असताना तिनं मला विचारलं, “अहो, हा सारखा सळसळ आवाज कसला येतोय?” मी कान दिला. बोटीच्या अंगाला घासून जाणारं पाणी होतं ते. मला त्याची इतकी सवय झाली होती, की तो आवाज आहे हेच विसरलो होतो. पहिल्या फेरीत चार दिवस त्याच समुद्रावर असून तो तिला ऐकू आला नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण ‘शांतता’ हा शब्द फार ढिलाईनं वापरतो. कवितेत तर मीही किती वेळा वापरला असेल. आवाज नसणं म्हणजे शांतता, असं मी समजत होतो. ती तर तिच्याजवळ डबीत होतीच; यंत्रं काढली की मिळत होती. तिला हवी होती ती दुसरी. जिच्यात हवा तो आवाज ऐकू येतो, ती. आणि तिच्यासाठी जगानं गप्प बसायला हवं असं नाही. वसंताच्या सुट्टीत मुलांनी दंगा करावा, तो त्यांचा हक्क आहे. आपण फक्त कुठे बसायचं ते निवडायचं.

हे सगळं अमेरिकेतल्या बोटींपुरतंच आहे असंही नाही. मे महिन्यात किंवा दिवाळीत मुंबईहून गोव्याकडे निघणारी क्रूझ असो, नाहीतर महाबळेश्वरचं हॉटेल. सुट्टी कुणाकुणाची आहे, जादा बिछाने किती आहेत, आणि आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे, हे तीन प्रश्न कुठंही विचारता येतात.

शेवटच्या दिवशी मागच्या डेकवर माय-लेकी दुपारभर बोलत बसल्या होत्या. मी जरा लांब पुस्तक घेऊन बसलो होतो. मध्येच मुलगी रडली, मग हसली, मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. रात्री केबिनमध्ये बायको यंत्रं पुसून डबीत ठेवताना म्हणाली, “पोरगी चार वर्षं मनात ठेवून होती.” एवढंच बोलून तिनं दिवा मालवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)